शेड कोणता देऊ, ताई?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि दादा नागपूरच्या इतवारीत, लोहाओळीत गेलो होतो. गच्चीवर टिनाचं शेड टाकायचं घरात दोन वर्षांपासून चाललंय, यंदा पावसाळ्याआधी उरकायचंच असं ठरलं होतं. सकाळचे साडेदहा वाजलेले, तरी दुकानासमोर उभी केलेली पत्र्यांची चळत इतकी तापली होती की शेजारून जाताना दंडाला धग लागली. दुकानदाराने खुर्च्या दिल्या, माठातलं पाणी दिलं आणि एक जाडजूड शेड कार्ड समोर ठेवलं. बोटाएवढ्या रंगीत पत्र्याच्या पट्ट्या होत्या त्यावर. विटकरी, मरून, गडद निळा, हिरवा, चॉकलेटी. दादा जाडीबद्दल विचारत होता, गंज किती वर्षं लागणार नाही, स्क्रू कोणते, एक फूट पत्र्याला किती पडतील. मी मधेच विचारलं, "भाऊ, यातला कोणता कमी तापतो?" त्याने माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि अगदी मनापासून म्हणाला, "ताई, तीस वर्षं झाली दुकानात बसून, हे कोणी विचारलंच नाही आजपर्यंत. पत्रा म्हटला का तापनारच. शेड कोणता देऊ ते सांगा."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मोठ्या आपुलकीने बोलला तो. पण येताना गाडीवर मागे बसून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, मला तेच तेच ऐकू येत होतं. नागपूरसारख्या गावात तीस वर्षं छप्पर विकणाऱ्या माणसाला एकाही गिऱ्हाईकाने विचारलं नाही की हे कमी तापेल का. मग आम्ही आजवर छप्पर कशासाठी निवडत आलो? पावसासाठी. चोरासाठी. वानरांसाठी. लोकांना दिसावं म्हणून. उन्हासाठी छप्पर निवडलेलं मला आमच्या घरात तरी आठवत नाही.

नाही, एकदा होतं. पण ते निवडलेलं नव्हतं, आजोबांपासून चालत आलेलं होतं.

आमचं जुनं घर कवेलूचं, म्हणजे कौलांचं होतं, मानेवाड्यातच, याच जागेवर. तेव्हा इकडे मागे शेतं होती आणि रिंगरोड म्हणजे गावाबाहेर. मातीच्या जाड भिंती, सागाचे वासे, त्यावर बांबूच्या कमच्या आणि वर देशी कवेलू, कुंभाराने चाकावर नळकांडं काढून त्याचे उभे दोन भाग केलेले, अर्धगोल. पुढच्या पडवीवर तेवढे इंग्रजी कवेलू, म्हणजे सपाट, खाचांचे, मंगळुरी. आजोबा त्याबद्दल कौतुकाने सांगायचे, पण ते बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढून बनवायला घेतलेले, तिथून देशभर पसरलेले, हे मला फार नंतर कळलं. मे महिन्यात भर दुपारी बाहेरून आत आलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि मग हळूहळू घर दिसायला लागायचं. शेणाने सारवलेली जमीन तळव्यांना गार लागायची. वर पाहिलं तर कवेलूंच्या फटींतून उन्हाच्या बारीक कवड्या आत आलेल्या, त्यात धूळ तरंगतेय. त्याच फटींतून गरम हवा वर निघून जायची. प्रत्येक दोन कवेलूंच्या मधे थोडी हवा, खालच्या-वरच्या थरात थोडी पोकळी, आणि पातळ कवेलू स्वतः फार काही उष्णता धरून बसत नाही, दिवस मावळला की लवकर निवतो. हे सगळं आता समजतं. तेव्हा एवढंच माहीत होतं की दुपारी आजी चटई टाकून झोपायची आणि आम्हा पोरांना दटावून झोपवायची, आणि झोप लागायची. कूलर नव्हता. दाराला वाळ्याची ताटी होती, तिच्यावर तांब्याने पाणी मारायची ड्यूटी माझी. तो ओल्या वाळ्याचा वास आला की आजही मला एकदम आठ वर्षांची झाल्यासारखं वाटतं.

पण बाबांची बाजूही सांगितली पाहिजे. दर मेअखेरीस कवेलू फेरावे लागत. दोन माणसं चार दिवस छपरावर, सगळे कवेलू उतरवायचे, झटकायचे, फुटके बाजूला काढायचे आणि पुन्हा लावायचे. घरभर मातीचा खकाणा. विंचू निघायचे, एकदा आईच्या अंथरुणावर पडला होता. आणि वानरं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वीस-पंचवीस वानरांची टोळी चिंचेवरून धाडकन छपरावर उडी मारायची आणि एका दुपारी शंभर-दीडशे कवेलूंचा चुरा. मग जुलैत रात्री उठून बाबा घमेली-बादल्या ठेवत फिरायचे, टप टप टप, दहा ठिकाणी. फेरणारी माणसंही मिळेनाशी झाली. त्यामुळे १९९१ मध्ये बाबांनी कर्ज काढून घर पाडलं आणि स्लॅब टाकला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरू शकत नाही. स्लॅब पडला त्या दिवशी मजुरांना जेवण दिलं, बुंदी वाटली. "आता पक्कं घर झालं," असं ते जो येईल त्याला सांगत होते. पक्कं या शब्दात त्यांच्यासाठी काय काय होतं. आपल्या वडिलांना जमलं नाही ते आपण केलं, आता रात्री उठावं लागणार नाही, पोरांच्या अंगावर काही पडणार नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात आजी बाहेर अंगणात कडुलिंबाखाली राहायला गेली. रात्री तर तिथेच, पण दुपारीसुद्धा. "हे घर रातच्यालेही निवत नाही रे बापू," एवढंच म्हणाली. बाबांना ते लागलं होतं. काही बोलले नाहीत, संध्याकाळी पाईप घेऊन गच्चीवर गेले आणि अर्धा तास पाणी मारत राहिले. वाफ निघायची अक्षरशः, आणि तापलेल्या सिमेंटवर पाणी पडल्याचा तो वास. मग आम्ही सगळे गाद्या घेऊन वर झोपायचो. नागपुरात माझ्या वयाच्या प्रत्येकाकडे गच्चीवर झोपल्याच्या आठवणी असतात, आणि सगळे फार गोड करून सांगतात, चांदण्या, गप्पा, रेडिओ. गोड होत्याच. पण आम्ही वर झोपायचो कारण खाली झोपणं शक्य नव्हतं, हेही तितकंच खरं.

स्लॅबचं गणित मी एकदा कागदावर मांडलं होतं. बारा बाय बाराची खोली, पाच इंच जाडी, म्हणजे साधारण चार टन काँक्रीट डोक्यावर. ते दिवसभर ऊन पितं. सावकाश पितं म्हणून सकाळी फसायला होतं, अकरा वाजेपर्यंत खोली बरी वाटते. दुपारची उष्णता खालच्या बाजूला पोचायला चार-पाच तास लागतात, म्हणजे बाहेर हवा जरा बरी व्हायला लागते नेमकी तेव्हा छत आत धग सोडायला लागतं, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत सोडत राहतं. कूलर लावला की हवा गार होते, पण छत वरून शेकत असतं, त्या शेकण्याचं कूलर काही करू शकत नाही. अंगाला वारा गार आणि कपाळ तापलेलं, हा अनुभव वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना वेगळा सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी बाबा आजारी पडले. खाली भाडेकरू, आम्ही वर. २०२४ चा मे होता, त्याच महिन्यात शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले म्हणून देशभर बोंब झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९ चा, २३ मे २०१३ चा. लोक त्या ५६ वर कितीतरी दिवस हसत होते, पण मला हसू येत नव्हतं, कारण त्याच आठवड्यात एका रात्री अकरा वाजता बाबा म्हणाले, "वरून कोणी इस्त्री धरल्यासारखं वाटतं." मी स्टुलावर चढले आणि छताला तळहात लावला. फार वेळ ठेवता येईना. तवा उतरवून ठेवल्यावर थोड्या वेळाने जसा असतो ना, तसं. हा माणूस या छताखाली अठरा दिवस पडून होता आणि मला ते तोवर हात लावून बघावंसं वाटलं नव्हतं. स्लॅबबद्दल मी त्यांना तेव्हा काही बोलले नाही. त्यांनीच पाय ओढत जाऊन मधल्या खोलीत गादी टाकायला सांगितली. छत तेच, पण तिथे वर गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि तिची सावली पडते.

एवढीशी सावली.

आमच्या नागपूरचं अक्षांश २१ च्या थोडं वर आहे. म्हणजे २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, काठी उभी केली तर सावलीच पडत नाही. आणि २५ मेला सूर्य रोहिणीत जातो, नवतपा लागतो. आजी पंचांग पाहून नवतपा सांगायची आणि त्या नऊ दिवसांत आम्हाला बाराच्या नंतर दाराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. तिचे नऊ दिवस आणि सूर्य माथ्यावर येण्याचे दिवस एकच. त्या दिवसांत भिंतींवर ऊन तिरकं, निसटतं पडतं, सगळं सरळ येतं ते छपरावर. आपण मात्र पडदे लावतो, खिडक्यांना हिरवी जाळी बांधतो, वर कोणी बघत नाही.

लोहाओळीतून आल्यावर चार-पाच दिवसांनी मावशी कामाला आल्या नाहीत. आमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या, अकरा वर्षं झाली. फोन लागेना म्हणून दुपारी दोनला मी त्यांच्याकडे गेले. त्यांची वस्ती मला माहीत होती, पण खरं सांगते, उन्हाळ्यात दुपारी मी तिथे कधीच गेले नव्हते. एक खोली, दहा बाय बारा, विटांच्या भिंती आणि वर टिन, सात-साडेसात फुटांवर. आत वाकून शिरले आणि डोक्यावरची धग जाणवली, केस गरम व्हायला लागले. टिनाच्या खाली त्यांनी जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या, तीन, एकाला एक टाचून, एक जांभळी नऊवार मी ओळखली, आमच्या आईची होती ती. वर पत्र्यावर तुराट्या आणि ओली पोती टाकलेली, ती कधीच सुकून कडक झाली होती. नातीला ताप होता म्हणून त्या घरी राहिल्या होत्या. ती चार वर्षांची पोर कुठे होती? खाटेवर नाही, खाटेखाली. ओल्या फरशीवर, ओल्या फडक्यावर, आणि वर खाटेची सावली. मी म्हटलं, मावशी, आमच्याकडे घेऊन यायचं ना. तर म्हणाल्या, "उन्हाळ्यात आम्ही कुठं घरात राहतो ताई? घर तं सामान ठेवाले आहे. दुपारी तिकडं पिंपळाखाली बसतो समदे. आज हिले ताप आहे म्हणून."

घर तं सामान ठेवाले आहे.

मी घरी आल्यावर टिनाबद्दल वाचत बसले. कोरा चकचकीत पत्रा इतकं ऊन परत फेकतो, तरी तो का तापतो हे मला कळत नव्हतं. तर कारण असं की कोऱ्या धातूला आपली उष्णता बाहेर टाकता येत नाही. थोडंसंच ऊन आत घेतो पण घेतलेलं धरून बसतो. त्यावर पांढरा रंग बसला की दोन्ही होतं, बहुतेक ऊन परत जातं आणि जे आत शिरलं तेही पत्रा आभाळाकडे टाकत राहतो. आणि दुकानातले ते मरून, चॉकलेटी, गडद निळे? ते बहुतेक ऊन पिऊनच घेतात. सिमेंटचा पत्रा टिनापेक्षा जरा बरा, पण त्यात बहुतेकदा ॲस्बेस्टॉस असतं, तो कापू-घासू नये, फुटका तर हाताळूच नये. स्लॅबवर ताजा चुना दिला तर उन्हाचा पाऊण हिश्शाहून जास्त भाग आल्या वाटेने परत जातो, आमच्यासारख्या जुन्या करड्या स्लॅबवरून तिसरा हिस्साही जात नाही. यात नवीन काहीच नाही. चुना तर आपल्याकडे कधीपासून आहे, आपण फक्त भिंतींना देत राहिलो.

मग मी दादाला म्हटलं शेडचं नंतर पाहू, आधी चुना. कळीचा चुना आणला, लोखंडी ड्रममध्ये टाकून पाणी ओतलं, आणि तो जो खदखदायला लागला की ड्रमला हात लावता येईना, प्लास्टिकच्या बादलीत हे करायचं नाही ते यासाठी. रात्रभर मुरू दिला. सकाळी जुन्या सुती लुगड्यातून गाळला, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि फेव्हिकॉल. गच्ची दोनदा धुतली, शेवाळाचे काळे डाग काथ्याच्या ब्रशने घासले. चुना मारायचा तो उन्हं कलल्यावर, भर उन्हात मारला तर पकड धरायच्या आधीच सुकतो आणि पावडर होऊन निघतो. पहिला हात अगदी पाण्यासारखा दिसतो, वाटतं वाया गेला, पण सुकला की पांढरा फटक. दोन दिवसांत तीन हात दिले. डोळ्यांना गॉगल लावूनच करावं, माझ्या मनगटावर शिंतोडे उडाले तिथे आठ दिवस सालं निघत होती. पहिल्या दिवशी अर्धीच गच्ची झाली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी चपला काढून उभी राहिले. करड्या बाजूला तीन म्हणेपर्यंत पाय उचलावा लागला. पांढऱ्या बाजूला उभी राहिले आणि राहिलेच, तळव्यांना कोमट लागत होतं फक्त. मी बाबांना हाक मारली. ते जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आले, तिथे बसले, एक पाय हळूच चुन्यावर टेकवला. काही बोलले नाहीत. बराच वेळ तो पाय तिथे ठेवून बसले होते.

रात्री अकराला स्टुलावर चढून पुन्हा छताला हात लावला. गार नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण हात ठेवता येत होता.

मावशींच्या टिनावर मात्र चुना टिकला नाही. मी उत्साहाने त्यांच्या जावयाला उरलेला चुना दिला, त्याने मारलाही, आणि चार दिवसांनी अवकाळीची एक सर आली त्यात सगळं पापुद्रे होऊन वाहून गेलं, खालच्या नालीत पांढरं पाणी. टिनावर चुना धरत नाही, हे मी आधी विचारायला हवं होतं. मग पत्रा घासून, प्रायमर मारून, वर पांढरा ॲक्रिलिक रंग, दोन हात. जावई वर चढला तेव्हा मी खाली जीव मुठीत धरून उभी, स्क्रूच्या ओळीवरूनच पाय ठेव, तिथे खाली आधार असतो, मधे ठेवू नको. साड्या पुन्हा नीट ताणून बांधल्या, टिनापासून वीतभर खाली, कारण त्या वीतभर हवेचा आणि त्या कापडाचाही उपयोग असतो, वरची धग थेट अंगावर येत नाही. हे मावशींना मी सांगायची गरज नव्हती, त्यांनी माझ्या वाचनाच्या कितीतरी आधी ते केलेलंच होतं. रंग झाल्यावर मला वाटलं त्या खूश होतील. झाल्याही. पण दुसऱ्या दिवशी कणीक मळताना म्हणाल्या, "घरमालक पाहून गेला. भाडं वाढवन आता तो." यावर मला काय बोलावं सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. नात दुपारी आता खाटेवर झोपते एवढं त्यांनी नंतर सांगितलं.

अहमदाबादेत २०१० च्या लाटेत इतकी माणसं गेली की त्यांनी २०१३ मध्ये उष्णतेसाठी वेगळा आराखडाच केला, आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी सरळ धोरण आणलं. चंद्रपूरवरून पुढे गेलं की तेलंगणा लागतो, ऊन तेच. आणि आमच्या आजूबाजूला बघावं तर दर चौथ्या गच्चीवर नवं शेड चढतंय, गडद निळं नाहीतर मरून, आणि खाली एसीचा नवा डबा, जो रस्त्यावर गरम हवा सोडतोय. मी कोणाला दोष देत नाही, शेडने स्लॅबवर सावली पडतेच, त्याचाही फरक पडतो. पण तीच सावली पांढऱ्या पत्र्याची का नको, याचं उत्तर मला एवढंच मिळालं की मळतं, आणि सगळ्यांनी निळं टाकलंय. शेजारच्या काकू तर माझ्यावर थोड्या नाराज आहेत, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या चुन्याने डोळे दिपतात म्हणे, आणि ते खरं आहे, मी जाऊन पाहिलं. त्या बाजूच्या कठड्याला हिरवी जाळी बांधून दिली. चुना दर वर्षी द्यावा लागणार, पावसाने निघणार, धुळीने पिवळट पडणार, हेही आहेच. चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाईल्स गच्चीवर बसवल्या तर वर्षानुवर्षं बघायला नको, पण तो खर्च यंदा नाही जमायचा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा लोहाओळीत गेलो. तोच दुकानदार. मी म्हटलं, पांढरा पत्रा पाहिजे, आणि खाली चंदेरी बबलची फॉइल लावायची, ती पत्र्याला चिकटवून नाही, थोडी जागा सोडून. शेड नऊ फुटांवर, दोन्ही टोकं उघडी, गरम हवा निघून गेली पाहिजे. त्याने कार्ड उलटंपालटं केलं, शेवटून दुसरी पट्टी पांढरी होती, तिच्यावर कोणाचा हात लागलेला नव्हता, बाकीच्यांवर बोटांचे डाग. "हा ठेवत नाही आम्ही ताई, ऑर्डर देऊन बोलवावा लागन. आठ-दहा दिवस." मग वहीत लिहिता लिहिता थांबला. "आमचं गोडाऊन वरच्या माळ्यावर आहे, पोरं दुपारी वर जातच नाहीत. चुना किती लागला म्हणे तुम्हाला?" मी सगळं सांगितलं, ड्रम लोखंडी घ्या, गॉगल लावा, संध्याकाळी मारा. त्याने तेही त्याच वहीत, आमच्या ऑर्डरच्या खाली लिहून घेतलं.

पत्रा अजून यायचा आहे. काल नवतप्याचा दुसरा दिवस, पहाटे पाचला बाबांनी मला उठवलं, वर चल म्हणाले. गुडघा धरत धरत माझ्या आधी जिना चढले. गच्चीच्या पांढऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वानरांच्या पावलांचे ठसे, लांब लांब बोटांचे, मातकट, मधे कुठे बसल्याचेही गोल डाग, आणि एका जागी अगदी लहान पिल्लाचा हात उमटलेला. रात्री टोळी येऊन गेली होती, कोणाला आवाजही आला नाही. बाबा वाकून त्या लहान पंजाकडे बघत होते. "कवेलू असते तर शंभर फुटले असते," म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, "इथं झोपली असतील का गं रात्री?"